सायकल आणि रस्ता : शाळेने द्यावयाचा एक धडा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन, लेखन आणि गणित या विषयांवर आपण या परिषदांतून नेहमीच बोलतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, की ज्याचे वेगळे पुस्तक नाही, ज्याची परीक्षा नाही आणि ज्याचा तास वेळापत्रकात कोठे दाखविलेला नाही. तो विषय म्हणजे रहदारीच्या रस्त्यावरून सुरक्षितपणे आणि आत्मविश्वासाने सायकल चालविणे.

हा विषय प्राथमिक शाळेचा कसा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या गावांच्या रचनेतच आहे. आपली शाळा चौथी-पाचवीपर्यंत किंवा फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. तेथून पुढे मुलास मोठ्या गावच्या हायस्कुलात जावे लागते. ते हायस्कूल तीन, चार, पाच किलोमीटरांवर असते आणि तेथे नेणारा रस्ता बहुधा डांबरी हमरस्ता असतो. एस. टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही. वडापच्या जीपमधून मुलीस एकटीला पाठविण्यास आईबाप कचरतात. मग उरते ती सायकल. मानव विकास कार्यक्रमातून मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनाने सायकली दिल्या, त्यामागील हेतूही हाच, की केवळ अंतरामुळे मुलींचे शिक्षण थांबू नये. सायकल अशा रीतीने घरात आली. परंतु ती रहदारीतून न्यावयाची कशी, हे त्या मुलीस बहुधा कोणीच शिकविलेले नसते.

याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. माझ्या पाहण्यातील एका गावातून सहा मुली आठवीसाठी सायकलीने जात असत. दिवाळीनंतर उसाच्या गाड्या सुरू झाल्या. एके सायंकाळी एका मुलीचे पुढचे चाक डांबराच्या कडेवरून खाली घसरले आणि ती रस्त्यावर पडली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वेळीच ब्रेक लावला, म्हणून खरचटण्यावर निभावले. पण पुढच्या आठवड्यात सहांपैकी चार मुलींचे शाळेत जाणे बंद झाले. त्यांच्या वडिलांना मी दोष देत नाही. पोटच्या मुलीस कोणी जाणूनबुजून संकटात घालीत नाही. हजेरीपटावर मात्र या साऱ्या प्रकाराची नोंद ‘सतत गैरहजर’ एवढीच झाली.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. हा आकडा ऐकून पालकांनी भ्यावे आणि मुलास घरी बसवावे, हे त्याचे उत्तर नव्हे. मुलास तयार करून पाठविणे, हे त्याचे उत्तर आहे. आणि ही तयारी करून घेण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही.

भीती, बेपर्वाई आणि आत्मविश्वास

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. सायकलीवर भिणारे मूल सुरक्षित आणि न भिणारे मूल धोक्यात, असे आपण मानतो. वस्तुतः दोघेही धोक्यात असतात. बेपर्वा मुलगा हात सोडून, डबलसीट, वाहनांच्या मधून वळणे घेत जातो. त्याचा धोका सर्वांस दिसतो. भित्र्या मुलाचा धोका दिसत नाही. तो डांबराच्या अगदी काठाने जातो. मागून कर्णा वाजला, की तो दचकतो, मान वळवून पाहू जातो आणि मान वळली तिकडेच त्याचे हँडलही वळते. समोर खड्डा आला, की मागे न पाहता तो एकदम उजवीकडे सरकतो. मागील मोटारवाल्यास हा मुलगा पुढच्या क्षणी कोठे असेल, याचा अंदाजच बांधता येत नाही.

आत्मविश्वास या दोहोंहून निराळा आहे. तो उपदेशाने येत नाही आणि धाकानेही येत नाही. पोहण्याप्रमाणे तो सरावाने अंगी येतो. ज्याला मागे पाहतानाही सायकल सरळ ठेवता येते, त्यास मागच्या वाहनाची भीती कमी वाटते. ज्याला ठरलेल्या रेषेवर थांबता येते, त्यास फाट्यावर घाबरण्याचे कारण उरत नाही. म्हणून ‘जपून जा रे’ असे रोज सांगण्यापेक्षा ही दोन-चार कौशल्ये मुलाकडून एकदा पक्की करून घेणे अधिक हिताचे आहे.

सायकल शिकविण्याचे काम शिक्षकाच्या प्रतिष्ठेस शोभण्याजोगे नाही, असे कोणी समजू नये. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आरंभी मुंबईच्या तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिक्षकच होते, आणि त्यांच्या उद्योगाचा प्रारंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला. सायकल विकत घेणाऱ्यास ती चालविण्यास शिकविणे, हाही त्या दुकानाच्या कामाचाच एक भाग होता. ब्रिटनमध्ये १९४७ साली मुलांची सायकल-प्रावीण्य चाचणी सुरू झाली, १९५८ मध्ये तिला सरकारी पाठबळ मिळाले आणि २००७ पासून नव्या स्वरूपात असे शिक्षण तेथील शाळांतून दिले जाऊ लागले. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले रहदारीची लेखी परीक्षा देतात आणि प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवितात. त्या देशांतील रस्ते आपल्यासारखे नाहीत, हे खरे. परंतु आपले रस्ते अधिक अवघड आहेत म्हणून शिक्षणाची गरज येथे कमी नव्हे, अधिकच आहे.

सायकलीची तपासणी

सरावास लागण्यापूर्वी सायकल पाहावी. आपल्याकडे सायकल बहुधा थोरल्या भावाची किंवा वडिलांची असते आणि मुलाच्या मानाने उंच असते. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीस टेकले पाहिजेत. टेकत नसतील, तर सीट खाली करावी; तेवढ्यानेही भागत नसेल, तर त्या मुलास त्या सायकलीवर हमरस्त्यावर पाठवू नये. आडव्या नळीखालून पाय घालून सायकल हाणण्याचे कसब गावाच्या गल्लीत कौतुकाचे असले, तरी हमरस्त्यावर ते घातक होय.

त्यानंतर दोन्ही ब्रेक पाहावेत. सायकल हाताने पुढे ढकलावी आणि एकेक ब्रेक दाबावा. ज्या चाकाचा ब्रेक दाबला ते चाक फिरता कामा नये. पुष्कळ सायकलींचा एकच ब्रेक चालू असतो, आणि मुलास त्याची सवय झालेली असते. चाकांतील हवा, चेनचा ताण, हँडलचा नट आणि घंटी या गोष्टी पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. मागे तांबडा परावर्तक आणि पुढे पांढरा असलाच पाहिजे. दप्तर हँडलला अडकवू नये. त्यामुळे हँडल एका बाजूस ओढले जाते, आणि दप्तर चाकात गेले तर सायकल जागच्या जागी उलटते. ते कॅरिअरला घट्ट बांधावे किंवा पाठीवर घ्यावे. मुलींनी ओढणीची टोके कमरेशी बांधावीत. ही तपासणी मुलांनीच एकमेकांच्या सायकलींची करावी आणि शिक्षकाने ती पाहावी.

मैदानावरील सहा पाठ

शनिवारी आपली शाळा सकाळची असते. सहा शनिवार, प्रत्येकी पाऊण तास, एवढा वेळ या शिक्षणास पुरतो. हा वेळ शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्या तासांतून काढता येईल. सर्वांकडे सायकली असण्याची आवश्यकता नाही. पाच मुलांमागे एक चांगली सायकल असली तरी भागते. मैदान आणि फक्कीचे एक घमेले, एवढेच साहित्य लागते. सायकल मुळीच येत नाही अशा मुलांनी, विशेषतः मुलींनी, आधी मधल्या सुटीत तोल सांभाळण्यास शिकावे. वर्गातील दुसरी मुले त्यांना आनंदाने शिकवितात.

पहिला पाठ निघण्याचा आणि थांबण्याचा. आपल्याकडे मुले सायकल पळवीत नेऊन तिच्यावर उडी मारतात आणि त्या पहिल्या पाच-दहा हातांत सायकल झोकांड्या खाते. पेडल वर आणून, सीटवर बसून, मागे पाहून, मग शांतपणे निघावे. थांबताना दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू दाबत न्यावेत. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबला तर मूल पुढे फेकले जाते. केवळ मागचा दाबला तर चाक घसरते आणि थांबण्यास अधिक अंतर लागते.

दुसरा पाठ सरळ रेषेचा. फक्कीने वीस मीटर लांबीच्या दोन समांतर रेषा अर्ध्या मीटरच्या अंतराने आखाव्यात आणि त्यांमधून चाक रेषेस न लागता जावयास सांगावे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दूर समोर ठेवली, की सायकल आपोआप सरळ जाते. हे जमले म्हणजे सावकाश सायकल चालविण्याची शर्यत लावावी. जो सर्वांत शेवटी पोहोचतो आणि पाय टेकत नाही, तो विजयी. या शर्यतीत मुलांना मौज वाटते आणि तोलाची जी परीक्षा होते, ती वेगाच्या शर्यतीत होत नाही.

तिसरा पाठ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो मागे पाहण्याचा. मूल रेषांमधून जात असता शिक्षकाने मागे उभे राहून हाताची काही बोटे वर करावीत. मुलाने उजव्या खांद्यावरून मागे पाहून बोटांची संख्या मोठ्याने सांगावी, आणि तेवढ्या वेळात चाक रेषेबाहेर जाता कामा नये. आरंभी दहांपैकी आठ मुले रेषा ओलांडतात. हेच मूल हमरस्त्यावर मागे पाहताना ट्रकच्या वाटेत जाते, हे तेथे शिक्षकाच्याही ध्यानात येते आणि मुलाच्याही. चार-सहा वेळा सराव झाला, की जमू लागते.

चौथा पाठ एका हाताने सायकल सांभाळून दुसऱ्या हाताने खूण करण्याचा. वळावयाचे त्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत पूर्ण बाहेर काढावा, क्षणभर तसाच ठेवावा आणि वळण्यापूर्वी पुन्हा हँडलवर आणावा. पाचवा पाठ अडथळ्याचा. मैदानात विटेचा तुकडा ठेवून तो खड्डा समजावा. तो दहा-पंधरा हातांवर असतानाच मागे पाहून, हळूहळू बाजूस होऊन, पुढे पुन्हा आपल्या रेषेत यावे. सहावा पाठ चौकाचा. फक्कीने मैदानावर रस्ता, फाटा आणि एस. टी.चा थांबा आखावा. काही मुलांनी पायी चालत ट्रक, बस, बैलगाडी व्हावे आणि इतरांनी सायकलीने त्यांमधून जावे. यात मुलांस एकमेकांच्या चुका चटकन दिसतात.

प्रत्यक्ष रस्त्यावरील नियम

मैदानावरचे सर्व येऊ लागले, म्हणजे वरच्या वर्गातील मुलांस पालकांच्या संमतीने, एका वेळी तिघांनाच, गावच्या कमी रहदारीच्या रस्त्यावर न्यावे. शिक्षकाने स्वतः सायकलीवर त्यांच्या मागे राहावे. संपूर्ण वर्ग घेऊन हमरस्त्यावर जाण्याचा उत्साह कोणी करू नये. तेथे शिकवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण प्रत्येकीचे कारण मुलास पटले पाहिजे. कारण न पटलेला नियम मूल आपल्या नजरेआड झाले, की विसरते.

डाव्या बाजूने जावे, हे सर्वांस माहीत आहे. तरीही पुष्कळ मुले शाळा उजव्या बाजूस आहे म्हणून उजव्याच बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी जातात. समोरचे वाहन दिसते म्हणून ते सुरक्षित, असा त्यांचा समज असतो. पायी चालणाऱ्याने समोरची वाहने दिसतील अशा बाजूने चालावे हे बरोबर आहे. परंतु सायकल हे वाहन आहे. येथे गणिताचा उपयोग करावा. मोटार ताशी ६० किलोमीटर आणि सायकल ताशी १२ किलोमीटर वेगाने जात आहे, असे धरा. दोघे एकाच दिशेने जात असतील, तर मोटार सायकलीजवळ ताशी ४८ किलोमीटर वेगाने येते; समोरासमोर असतील, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाने. मधले अंतर १०० मीटर असेल, तर पहिल्या प्रसंगी चालकास साडेसात सेकंद मिळतात, दुसऱ्या प्रसंगी पाचच. शिवाय फाट्यावरून बाहेर येणारा चालक चुकीच्या बाजूने कोणी येईल, या कल्पनेने तिकडे पाहतच नाही.

डाव्या बाजूने जावे, याचा अर्थ डांबराच्या अगदी काठावरून जावे असा नव्हे. काठापासून अर्धा ते एक मीटर आत राहावे. काठाशी खडी, काचा आणि पावसाने खचलेली जागा असते. डांबर आणि साइडपट्टी यांच्या उंचीत पुष्कळ ठिकाणी चार-सहा बोटांचा फरक असतो. चाक खाली उतरले, तर ते तिरपे घालून परत वर चढविण्याचा यत्न कधीही करू नये. चाक त्या कडेस घासत राहते आणि सायकल रस्त्याच्या बाजूस आडवी होते. आरंभी ज्या मुलीची हकीकत सांगितली, तिचे असेच झाले. चाक उतरले तर खालीच सरळ जाऊन थांबावे, उतरावे आणि मागे पाहून सायकल हाताने वर घ्यावी. थोडे आत राहण्याचा दुसराही लाभ आहे. मागच्या चालकास सायकल लवकर दिसते, आणि एखादे वाहन फार जवळून गेले, तर सरकण्यास डावीकडे जागा उरते. अरुंद पूल किंवा मोरी आली, की आधी मागे पाहावे. मागून अवजड वाहन येत असेल, तर पुलाच्या अलीकडेच थांबून ते जाऊ द्यावे. मैत्रिणी-मैत्रिणी गप्पा मारीत दोघी-तिघी शेजारून जातात, तो आनंद गावच्या पाणंदीपुरता ठेवून हमरस्त्यावर एकीमागे एक असेच जावे.

मोठ्या वाहनांविषयी एक गोष्ट मुलांच्या मनावर पक्की ठसविली पाहिजे. बस, ट्रक किंवा डंपर यांच्या चालकास आपल्या गाडीच्या अगदी जवळचे, विशेषतः डाव्या अंगाचे सारे दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हास त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असे समजावे. डावीकडे वळणाऱ्या लांब गाडीचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने न जाता वळणाच्या आतल्या बाजूस येते. म्हणून फाट्यावर उभ्या असलेल्या मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये; तिच्या मागेच थांबावे. थांब्यावरील बसच्या डावीकडूनही जाऊ नये, कारण तिकडे प्रवासी उतरतात.

आपल्या उसाच्या मुलखात हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि उसाची टोके दोन्ही अंगांस बाहेर आलेली असतात. अशा गाडीस धरून ओढत जाण्याची किंवा मागून ऊस ओढण्याची मुलांस भारी हौस. ट्रॅक्टरच्या चाकास किंवा दोन ट्रॉल्यांमधील सांध्यास सायकल लागली, तर चालकास ते कळतही नाही. हे मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावे. उसाची गाडी ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये. ती आपल्यास ओलांडीत असेल, तर थांबावे.

उजवीकडे वळणे हा सायकलस्वाराचा सर्वांत कठीण प्रसंग होय. मोठ्या माणसाने मागे पाहावे, रस्ता मोकळा असल्यास हात दाखवावा, पुन्हा पाहावे, हळूहळू मध्यभागी यावे आणि समोरची वाहने गेल्यावर वळावे. शाळकरी मुलास मात्र मी हमरस्त्यावर दुसरी रीत सांगेन. त्याने डाव्या बाजूसच थांबावे, उतरावे, दोन्हीकडे पाहावे आणि सायकल हाताने धरून सरळ पलीकडे जावे. यात कमीपणा नाही. सात मीटर रुंदीचा रस्ता सायकल धरून ओलांडण्यास मुलास सुमारे सहा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सहा सेकंदांत १०० मीटर येते. मैदानावर किंवा गावच्या रस्त्यावर टेपने १०० मीटर मोजून दोन टोकांस दोन मुले उभी करा. एवढ्या अंतरावरचे वाहन दूर वाटत असले, तरी आपण पलीकडे पोहोचेपर्यंत ते येथे येईल, हे मुलांस त्या वेळी जसे समजते, तसे शंभर वेळा सांगूनही समजत नाही.

हिवाळ्याचा विचार वेगळा केला पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा सुटून, जादा तास संपून मुले निघतात तेव्हा संधिप्रकाश असतो, आणि उसाच्या गाड्यांची वर्दळही त्याच वेळी असते. मुलास रस्ता दिसतो, म्हणून आपणही इतरांस दिसत आहोत, असे त्यास वाटते. पण समोरच्या दिव्यांनी दिपलेल्या चालकास गडद कपड्यातील मूल दिसत नाही. मागचा परावर्तक पुसून स्वच्छ ठेवावा, शक्य तर मागे तांबडा आणि पुढे पांढरा दिवा लावावा, अंगात किंवा दप्तरावर पांढरे, पिवळे असे काही असावे. पावसाळ्यात एका हातात छत्री धरून सायकल चालवू नये. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग आधीच कमी करावा. कानात मोबाइलच्या नळ्या घालून जाऊ नये, कारण मागच्या वाहनाची पहिली वर्दी डोळ्यांपेक्षा कानांनाच मिळते. हेल्मेट मिळत असेल तर अवश्य घालावे; डोक्यास लागणारा मार त्यामुळे सौम्य होतो. पण हेल्मेट अपघात टाळीत नाही, तो शिकलेला सराव टाळतो, हेही सांगावे.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर काय करावे हेही मुलांस माहीत असावे. वाहने येणार नाहीत अशी दक्षता घेऊन जवळच्या मोठ्या माणसास हाक मारावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, ही गोष्ट पालकसभेत सांगण्याजोगी आहे.

मोठ्यांचे कर्तव्य

मी मुलांस काय शिकवावे, हे इतके सांगितले. परंतु रस्त्यावरील सुरक्षिततेचा सारा भार बारा-तेरा वर्षांच्या मुलावर टाकणे न्यायाचे होणार नाही. रस्ता हा मोटारीइतकाच सायकलीचाही आहे. सायकलीस परवाना लागत नाही म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

म्हणून आपल्या वरच्या वर्गातील मुलांकडून एक काम करून घ्या. आपल्या शाळेपासून हायस्कुलापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा त्यांच्याकडून काढवा. परिसर अभ्यासाचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही. खचलेली साइडपट्टी, आंधळे वळण, झुडपांनी झाकलेला फाटा, दिवा नसलेली मोरी, अंगावर धावणारी कुत्री, हे सारे त्यात दाखवावे. हायस्कुलास जाणाऱ्या थोरल्या भावंडांस विचारून नकाशा पुरा करावा. तो पालकसभेत भिंतीवर लावावा, आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीस व सार्वजनिक बांधकाम विभागास द्यावी. झुडपे तोडणे ग्रामपंचायत एका दिवसात करू शकते. साइडपट्टी भरण्यास वेळ लागेल, पण लेखी मागणी नसेल तर ती कधीच भरली जाणार नाही. कारखान्यावर जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक लावण्याविषयी गावातील वाहनमालकांस आपण विनंती करू शकतो. ते आपल्याच विद्यार्थ्यांचे पालक असतात.

आणखी एक गोष्ट, जी आपणास रुचेल की नाही याची मला शंका आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ जण मोटारसायकलवरून शाळेत येतात. फाटकाशी उभी असलेली मुले रोज सकाळी आपल्याकडे पाहत असतात. गुरुजी हेल्मेट घालून आले की हँडलला अडकवून आले, बाईंनी वळताना मागे पाहिले की नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. फळ्यावरच्या पाठापेक्षा हा पाठ त्यांच्या अधिक लक्षात राहतो.

आपणांवर कामांचा बोजा आहे, हे मी जाणतो. जनगणना, निवडणूक, नाना प्रकारच्या माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदी, यांतून शिकविण्यास वेळ काढताना आपली किती ओढाताण होते, हे शाळाभेटींत मी पाहतो. म्हणून या उपक्रमाचा कोणताही तक्ता मी मागणार नाही. सहा शनिवारांचे काम झाल्यावर मुख्याध्यापक आणि एक-दोन पालक यांच्यासमोर प्रत्येक मुलाने सायकल चालवून दाखवावी: रेषेतून जाणे, मागे पाहून बोटे सांगणे, हात दाखवून वळणे, ठरल्या ठिकाणी थांबणे. ज्यास जमले नाही, त्याने पुन्हा सराव करावा. त्यास नापास म्हणू नये. पालकांस मात्र या वेळी अवश्य बोलवावे, विशेषतः मुलींच्या वडिलांस. मुलीच्या शिक्षणाविषयी आपण त्यांना तासभर सांगितले, तरी रस्त्याची भीती त्यांच्या मनातून जात नाही. तीच मुलगी त्यांच्यासमोर सायकल सरळ रेषेत ठेवून मागे पाहते आणि न डगमगता थांबते, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे जूनमध्ये तिचे नाव हायस्कुलात घालताना त्यांचा हात आखडणार नाही.

येत्या शनिवारी आपण निदान एवढे करावे, की फक्कीच्या दोन रेषा आखून आपल्या शाळेतील किती मुलांस मागे पाहून सरळ जाता येते, ते पाहावे. जे आढळेल, त्यावरून पुढचे काम किती आहे हे आपणासच कळेल. कोणास काही अडचण आली, तर पुढील परिषदेत तिचा आपण मिळून विचार करू.